चतुर्थीची घाई आणि सड्यावरचा वारा: चिपीला विमान आणणाऱ्या वैमानिकांना खुले पत्र

सन्माननीय वैमानिकहो,

सिंधुदुर्गातल्या चिपीच्या धावपट्टीकडे येताना तुमच्यापाशी नकाशे असतात, एआयपीतली (विमानतळांच्या अधिकृत माहितीपुस्तकातली) माहिती असते, ताजे नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) आणि मेटार (विमानतळावरच्या हवामानाचे अहवाल) असतात. हे पत्र त्यातल्या कशाचीही जागा घेऊ शकत नाही, आणि घेऊ नये. तरीही लिहितोय, कारण माझी सगळी नोकरी विमानतळांवर हवामान निरीक्षक म्हणून मेटार लिहिण्यात गेली आणि माझं घर परुळ्याच्या बाजूचं, दर्यावर पोट असलेल्या कुटुंबातलं. वारा मी यंत्रावर वाचला तसा होडीतही वाचला. तुमच्यापैकी बरेच जण एखादा हंगाम इथे येतात आणि मग दुसऱ्या मार्गावर जातात. 9 ऑक्टोबर 2021 ला इथली प्रवासी वाहतूक सुरू झाली, पण विमानसेवा कधी चालू, कधी बंद. त्यामुळे इथला वारा अंगवळणी पडेल इतका सलग काळ फार थोड्या वैमानिकांना मिळतो. आम्हा स्थानिकांना जे सहज दिसतं ते तुमच्यापर्यंत पोचावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

मुख्य म्हणणं आधीच सांगतो. या धावपट्टीवर उतरायचं की नाही हे सड्यावर पोचल्यावर ठरवू नका, आधी ठरवून या. आणि परत फिरावं लागलं तर आमच्याकडे बघून कचरू नका.

आता सड्याविषयी. चिपीची धावपट्टी सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून 200 फुटांच्या आसपास. लांबी 2,500 मीटर, दिशा 09/27, म्हणजे जवळजवळ नेमकी पूर्व-पश्चिम: 09 ला उतरताना तोंड पूर्वेला, 27 ला पश्चिमेला. पश्चिमेला भोगवे, निवती आणि खुला समुद्र. उत्तरेला कर्लीची खाडी, ती देवबागपाशी दर्याला मिळते. पूर्वेला कुडाळचा सखल भाग आणि त्यामागे 40–50 किलोमीटरवर सह्याद्रीची भिंत. ही एवढी मांडणी डोक्यात पक्की बसली की इथल्या हवेचं निम्मं वागणं आपोआप कळतं.

समुद्रावरून 09 ला येताना डोळा फसतो. खाली नुसतं पाणी. झाड नाही, घर नाही, अंतराचा अंदाज यावा असं काहीच नाही. अशा वेळी आपण आहोत त्यापेक्षा उंचावर आहोत असं वाटतं आणि हात नकळत विमान खाली आणतो. पुढच्या काचेवर पाऊस असेल तर हा भास आणखी वाढतो. त्यातच रेडिओ अल्टिमीटर पाण्यापासूनची उंची दाखवत असतो आणि किनाऱ्याची चढण लागली की तो आकडा एकदम घसरतो. त्या क्षणी दचकायला नको म्हणून ब्रीफिंगमध्येच एकमेकांना सांगून ठेवा: इथे आकडा पडणार आहे, तो जमिनीमुळे पडणार आहे. पीएपीआयचे दिवे (उतरण्याचा कोन बरोबर आहे का ते दाखवणारे) आणि ठरलेला उतार यांवर विश्वास ठेवा, समुद्राच्या पृष्ठभागावर नको.

27 ला येताना अडचण वेगळी. वारा पश्चिमेचा आणि जोराचा असेल तर तो सड्यावरून सरकत येतो आणि पूर्वेच्या कडेवरून खाली पडतो, धरणाच्या सांडव्यावरून पाणी पडावं तसा. तुम्ही नेमके त्याच कडेवरून आत येत असता. थ्रेशोल्डच्या, म्हणजे धावपट्टी सुरू होते त्या रेषेच्या, थोडं आधी विमान खाली ओढलं जातं. वारा मंद असेल तर जाणवणारही नाही, पण 20 नॉटच्या (ताशी सुमारे 37 किलोमीटरच्या) पुढे आणि झोताचा असेल तर इंजिनाची शक्ती काढून घेण्याची घाई करू नका. त्या ठिकाणी उंची किंवा वेग, कशाचीच उधारी नको.

रोजच्या वाऱ्याचं वेळापत्रक शाळेच्या भूगोलात असतं तेच. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, दुपारी समुद्रावरून खारा वारा. डिसेंबर ते फेब्रुवारी हे चक्र इतकं नियमित चालतं की मासेमार त्यावर शिडं उभारायचे. पण इथल्या धावपट्टीच्या दिशेमुळे त्यात एक अडचण तयार होते, आणि ती कुठल्या तक्त्यात लिहिलेली नसते. सकाळी मतलई पूर्वेकडून येतो, म्हणून 09 सोयीची. पण तेव्हा सूर्य नेमका समोर. संध्याकाळी खारा वारा पश्चिमेचा, म्हणून 27 सोयीची. आणि सूर्य पुन्हा समोर, शिवाय खालच्या पाण्याची चकाकी. म्हणजे वारा ज्या बाजूला तोंड करायला सांगतो त्याच बाजूला उजेड डोळे दिपवतो. मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात, दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास, सूर्य धावपट्टीच्या थेट रेषेत मावळतो. डिसेंबरात तो बराच दक्षिणेला सरकलेला असतो, त्यामुळे त्रास कमी. वेळापत्रक आखणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं आणि विमानाची वेळ अर्धा तास अलीकडे-पलीकडे केली तरी तुमचं काम पुष्कळ हलकं होईल. तुम्हीही कंपनीकडे हे मागा. खारा वारा चढत्या दुपारी वायव्येकडे सरकतो, तेव्हा 27 वर तो उजव्या बाजूने क्रॉसविंड (आडवा वारा) म्हणून लागतो. मार्च ते मे हा जोर बऱ्यापैकी असतो.

मतलई थांबून खारा वारा येईपर्यंत मध्ये एक निवांत वेळ असतो, साधारण नऊ ते अकरा. हवा पडलेली. इथे येणाऱ्या नव्या माणसासाठी हिवाळ्यातली ही वेळ सगळ्यात चांगली, असं माझं मत आहे.

त्याच्या आधीची वेळ मात्र फसवी. थंडीत पहाटे कर्लीच्या खाडीत आणि खालच्या मळ्यांत धुकं साचतं, वर सडा मोकळा असतो. सूर्य वर आला, जमीन तापू लागली, की हे धुकं वर उचललं जातं आणि थोड्या वेळासाठी धावपट्टीवरच पांघरलं जातं. सातला स्वच्छ दिसणारा सडा आठला दिसेनासा होऊ शकतो. म्हणून अशा दिवशी पहाटेच्या मेटारवर भिस्त ठेवू नका, टॉवरला खाडीची स्थिती विचारा. फेब्रुवारीनंतर भाजावळी सुरू होतात, तरव्याच्या (भाताची रोपं करायच्या) जमिनीवर पाला-पाचोळा जाळला जातो. तो धूर सकाळच्या थंड हवेत अडकून राहतो आणि त्याच्यामागून सूर्य आला की समोरचं सगळं पांढुरकं होतं. दृश्य नियमांनी उतरायचं तर 5 किलोमीटर दृश्यमानता आणि 1,500 फुटांचा ढगांचा तळ लागतो. धूर असलेल्या सकाळी खाली सरळ बघितलं तर सगळं दिसतं, पण तिरकं बघितलं तर नाही, आणि उतरताना तुम्ही तिरकंच बघत असता. याच धुराचा उपयोगही आहे. दोन-तीन शेतांतले धूर वेगवेगळ्या दिशांना झुकलेले दिसले तर समजा, वारा बदलण्याच्या बेतात आहे.

मेटार लिहिण्यात आयुष्य गेलं म्हणून त्याच्या मर्यादाही सांगतो. त्यात लिहिलेला वारा हा मागच्या 10 मिनिटांची सरासरी असतो, 10 मीटर उंचीच्या एका खांबावरची. झोत सरासरीपेक्षा 10 नॉट किंवा अधिक वर गेला तरच त्याची नोंद होते. टॉवर तुम्हाला सांगतो तो वारा 2 मिनिटांचा. या दोन आकड्यांत फरक दिसला तर तो फरक हीच खरी बातमी आहे, वारा कुठल्या दिशेला चालला आहे ते त्यातून कळतं. खांब सड्याच्या एका जागी उभा आहे; कडेवर काय चाललंय ते त्याला ठाऊक नाही. त्यासाठी समुद्र बघा. तुरळक लाटांच्या माथ्यावर फेस दिसू लागला की वारा 10 नॉटच्या घरात आहे. सगळीकडे फेस पसरला, पांढरे पट्टे वाऱ्याच्या रेषेत लांबू लागले, की तो 20 च्या पुढे गेलेला असतो. वेंगुर्ला रॉक्सच्या बाजूने एक काळपट रेघ पाण्यावरून सरकत येताना दिसली तर ती सर आहे, आणि तिच्या पुढे वारा धावतो. आमचे तांडेल (होडीचे म्होरके) ती रेघ बघून जाळं ओढायला घेतात.

आता पावसाळा. यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण जे काही वाईट घडायचं ते याच चार महिन्यांत घडू शकतं.

मृग लागतो 7–8 जूनच्या सुमारास, आणि बहुतेक वर्षी त्याच्या आगेमागे दक्षिण कोकणात मोसमी पाऊस पोचलेला असतो. इथे वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस होतो. मागे घाटावर आंबोलीला त्याच्या दुपटीहून अधिक. वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा, दिवसचे दिवस एकाच दिशेने. जमिनीवर 15–20 नॉट असेल तेव्हा 5,000 फुटांच्या आसपास तो 40 नॉट किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. मोसमी वाऱ्याचा वेगवान पट्टा साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो. तुम्ही त्यातून उतरत येता, म्हणजे शेवटच्या काही मिनिटांत समोरचा वारा कमी होत जातो आणि त्याबरोबर विमानाचा वेगही. हे तुम्हाला शिकवायची गरज नाही. फक्त इथे ते रोजचं आहे एवढं ध्यानात असू द्या.

पण सगळ्यात उपयोगाची गोष्ट अशी. पावसाळ्यातला पाऊस दोन प्रकारचा असतो, आणि थांबायचं की परतायचं हे त्यावर ठरतं. पहिला प्रकार सरींचा. समुद्रावरून सर येते, दहा-पंधरा मिनिटं काही दिसत नाही, मग उघडतं, ऊनही पडतं, मग पुढची सर. असा दिवस असेल तर वीस मिनिटं होल्डिंगमध्ये, म्हणजे हवेतच घिरट्या घालत, काढली की बहुधा काम होतं. घाईने सरीत शिरणं हा इथे निव्वळ अविचार आहे, कारण उघाड वाटेतच असते. दुसरा प्रकार वेगळा. भारतीय हवामान विभागाच्या पत्रकात किनारपट्टीलगत महाराष्ट्रापासून केरळपर्यंत कमी दाबाचा पट्टा असल्याचं लिहिलेलं असलं की समजावं, हा सरींचा खेळ नाही. मळभ फाटतच नाही, ढगांचा तळ सड्याला टेकतो, पाऊस आडवा येतो आणि दोन-दोन दिवस दम घेत नाही. त्या दिवशी होल्डिंगमध्ये फक्त इंधन जळतं. म्हणून निघण्याआधी रडारचं चित्र बघता तसं ते पत्रकही वाचा. त्यातली ही एक ओळ तुम्हाला सांगते की आज वाट बघण्यात अर्थ आहे की नाही.

पर्यायी विमानतळाचंही तेच. गोव्यातलं मोपा इथून सरळ रेषेत जेमतेम 45 किलोमीटरवर आहे. कागदावर उत्तम अल्टरनेट. पण किनाऱ्याचा पट्टा सक्रिय असेल तर चिपी बंद करणारा ढग मोपावरही असतो आणि गोव्यातल्याच दाभोळीवरही, आणि दाभोळी तर नौदलाचा तळ. कोल्हापूर, बेळगाव घाटापलीकडे आहेत, पण घाटमाथ्याला इतके लगटून की जुलैत तिथेही ढग खाली उतरलेले असतात. अशा दिवशी पर्याय पर्जन्यछायेतला हवा, आणि तिथवर जाऊन वर शिल्लक राहील एवढं इंधन हवं. थोडे प्रवासी किंवा थोडं सामान मागे ठेवावं लागलं तरी चालेल. सामान दुसऱ्या दिवशी आलं म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

ओल्या धावपट्टीवर विमान अलगद टेकवण्याचा मोह टाळा. पाण्याचा थर असला की टायर त्यावर तरंगतो. टायरमधल्या दाबाच्या (पौंड प्रति चौरस इंच) वर्गमुळाची नऊ पट केली की टायर तरंगू लागण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो. दाब 100 असेल तर 90 नॉट, म्हणजे टर्बोप्रॉपच्या (पंख्यांच्या विमानाच्या) उतरण्याच्या वेगाच्या आवाक्यातच. नेमून दिलेल्या जागेत, ठामपणे, पाणी फोडून टेकवा. आणि हे वाचणाऱ्या प्रवाशांना सांगतो: पावसात विमान जरा आपटून उतरलं तर ते चांगल्या हाताचं लक्षण आहे. मोबाइलवर चित्रफीत टाकून वैमानिकाची टर उडवू नका.

टेलविंडबद्दल, म्हणजे पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याबद्दल, तर हात जोडून विनंती. सरीच्या कडेला वारा क्षणभर फिरतो. त्या क्षणी दुसऱ्या टोकाकडून दिसतंय, तिकडून उतरू, असा विचार मनात येतो. 7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडला जे झालं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पठारावरची 2,700 मीटरची धावपट्टी, ओली, पाऊस चालू. पहिला प्रयत्न 28 वर सोडला, दुसरा उलट दिशेने, 10 वर, टेलविंड घेऊन. विमान धावपट्टीच्या जवळजवळ अर्ध्यावर टेकलं आणि पुढे कड्याखाली गेलं. 21 जण गेले, त्यात दोन्ही वैमानिक. चौकशी अहवालात आहे की सहवैमानिकाने गो-अराउंडची, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याची, हाक दिली होती. दहा वर्षं आधी, 22 मे 2010 ला मंगळूरला, तेही पठारच, 158 जण गेले. तिथेही फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, गो-अराउंड सुचवलं होतं. गेलेल्या माणसांकडे बोट दाखवायला हे लिहीत नाही. कोळिकोडच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त सलते: कॅप्टनला दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण करायचं होतं आणि त्यासाठी तिथे पोचायची ओढ होती. म्हणजे हवामान बाहेर होतं, तसा दबाव कॉकपिटमध्येही होता.

तो दबाव आमच्याकडे कसला असतो ते सांगण्यासाठीच खरं तर मी लेखणी उचलली.

गणेश चतुर्थी ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरात येते. पाऊस तेव्हा संपलेला नसतो. मुंबईतला चाकरमानी वर्षभरात बाकी काय वाटेल ते चुकवेल, चतुर्थीला गावी पोचणं चुकवत नाही. कोकण रेल्वेची तिकिटं महिनोन्महिने आधी संपतात, 66 नंबरचा महामार्ग गाड्यांनी तुंबतो, आणि मग ज्याला परवडतं तो विमानाकडे वळतो. घरी गणपती आणायचा असतो, माटवी बांधायची असते, म्हातारे आईवडील दाराकडे डोळे लावून असतात. तुमच्या विमानातली सगळी माणसं हा भार घेऊन बसलेली असतात, आणि तुम्ही ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचता. शिवाय सणाची गर्दी म्हणून विमानं उशिरा सुटतात. दृश्य नियमांनी यायचं तर सूर्यास्तानंतर 20 मिनिटांत सगळं आटपायला हवं. उशीर, कलता दिवस, पुढून येणारी सर आणि मागे बसलेली चतुर्थी. हे चारही एकत्र आले की चांगल्या, अनुभवी माणसाचाही हात ढिला पडतो, कारण त्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याला लोकांना घरी पोचवायचं असतं.

अशा दिवशी निर्णय मुंबईतच घ्या. वेळ अपुरी वाटली तर निघूच नका. निघालात आणि 1,000 फुटांवर वेग, उतार, दिशा सगळं बसलेलं नसेल, तर वर जा. पुन्हा तेच झालं तर परत जा. जगभरातल्या अस्थिर, म्हणजे असं सगळं न बसलेल्या, अ‍ॅप्रोचपैकी जेमतेम 3 टक्के वेळा वैमानिक गो-अराउंड करतात, असं फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात दिसलं. बाकी 97 टक्के तसेच पुढे जातात, आणि बहुतेकदा निभावतं, म्हणूनच ती सवय सुटत नाही. डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) धोरण स्पष्ट आहे की गो-अराउंडसाठी वैमानिकाला शिक्षा नाही. कुणी वरिष्ठ तोंडी वेगळं बोलत असेल तर ते लेखी मागा.

आणि फर्स्ट ऑफिसर असलेल्या तरुण मुलामुलींनो, तुम्हाला वेगळं सांगतो. चिपीला येताना तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाचे तास तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त असतील. हाक मोठ्याने द्या. एकदा देऊन ऐकली गेली नाही तर पुन्हा द्या. कॅप्टनसाहेबांनो, निघण्यापूर्वी त्यांना तसं स्वतःच्या तोंडाने सांगा, की आज गो-अराउंड म्हणालास तर मी कारण न विचारता वर जाईन.

परत फिरल्यावर लोक चिडतात, हे मला माहीत आहे. नोकरीत असताना विमानतळांवर काउंटरच्या मुलींवर ओरडणारी माणसं मी पाहिली आहेत. माझ्या गाववाल्यांनाही माझी हीच विनंती आहे: विमान परतलं तर त्या रात्री गाडी करा, दुसऱ्या दिवशी या, पण वैमानिकाला बोल लावू नका. आमच्या घरात दीड दिवसाचा गणपती असला तरी माणूस यायचा म्हणून नैवेद्य थांबवला जातो. होडी बंदरात लागली नाही म्हणून आमच्या बायकांनी कधी तांडेलाला दोष दिला नाही. तो बाहेरच थांबला, दुसऱ्या बंदराला गेला, हे ऐकून त्या निर्धास्त झोपल्या. वैमानिकाला तोच मान मिळायला हवा.

ऑक्टोबरबद्दल थोडं. पाऊस गेला असं वाटतं आणि लोक सैल होतात, पण या महिन्यात दुपारनंतर सह्याद्रीवर ढग चढतात आणि गडगडत किनाऱ्याकडे येतात. तोवर खारा वारा पश्चिमेचा चालू असतो, तुम्ही 27 ला येत असता, आणि ढगाच्या पायथ्यातून सुटलेला थंड झोत पूर्वेकडून पाठीमागून आदळतो. पाच मिनिटांत समोरचा वारा मागचा होतो. पाऊस अजून कुडाळला असतो, सड्यावर थेंबही नसतो. म्हणून त्या दिवसांत फक्त धावपट्टीकडे न बघता पूर्वेकडे बघा. कुडाळच्या बाजूला काळं दिसत असेल तर 27 चा हिशोब पुन्हा करा. एप्रिल-मेच्या वळवालाही हेच लागू.

पक्षी बारा महिने आहेत. किनाऱ्यावर रापण ओढली जाते किंवा मासळी सुकत घातलेली असते तिथे घारी जमतात आणि ऊन तापलं की गोल फिरत वर चढतात. समुद्री गरुडही आहे, मोठा आणि जड. पहिल्या पावसानंतर सड्यावर पंखवाल्या वाळव्या निघतात, त्या टिपायला पक्ष्यांचे थवेच्या थवे उतरतात. ते दोन-चार दिवस विशेष जपा. टिटवी गवतात बसलेली असते, शेवटच्या क्षणी उठते. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत कचरा टाकायला किंवा जनावर उघड्यावर सोलायला विमान नियम, 1937 मधल्या नियम 91 ने मनाई आहे. आसपासच्या ग्रामपंचायतींनी हा नियम वाचलाय का, असा प्रश्न मी आमच्याकडच्या सभांत विचारत असतो. तुम्ही पक्षी दिसल्याची नोंद प्रत्येक वेळी केलीत तर माझ्या बोलण्याला आधार मिळेल.

अंधार पडल्यावर समुद्रात मासेमारीच्या होड्यांचे दिवे असतात, दूरवर रांगेने. चंद्र नसेल तर पाणी आणि आकाश एकच काळं होतं, आणि ती रांग क्षितिजासारखी भासते. ती क्षितिज नाही. ती होड्यांबरोबर तिरपीही होते. नजर उपकरणांवर ठेवा.

शेवटी एक मागणं. उतरल्यावर किंवा परत जाताना टॉवरला दोन वाक्यं सांगत चला: पूर्वेच्या कडेवर किती ओढ लागली, कितव्या फुटाला ढगातून बाहेर आलात, वारा कुठे फिरला. ते रेडिओवर सांगाच, पण नोंदवहीत लिहिलं जाईल हेही बघा. माझ्या नोकरीच्या काळात मोठ्या विमानतळांवर अशा नोंदींमधूनच नव्या निरीक्षकांना तिथला वारा शिकवला जायचा. चिपीला उड्डाणं थोडी, म्हणून प्रत्येक नोंदीचं मोल जास्त. पुढच्या हंगामात तुमच्या जागी दुसरं कुणी येईल तेव्हा त्याला ती वही टॉवरवर वाचायला मिळाली पाहिजे, अशी व्यवस्था करावी, ही विमानतळ चालवणाऱ्यांनाही याच पत्रातून विनंती.

आपला नम्र,
परुळ्याचा एक निवृत्त हवामान निरीक्षक